दर चाळीस डॉलर, मग बिल सहा हजारांचं कसं? अमेरिकेतल्या हॉलमधले युनियन आणि बिगर-युनियन रंगमंच कामगार

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं इथलं, अमेरिकेतलं मराठी मंडळ पुढच्या उन्हाळ्यात मुंबईहून एक दोन अंकी नाटक आणतंय. एकच प्रयोग, शनिवारी दुपारी चारला. दोन हॉल बघून झालेत. पहिला शहराच्या मधोमध, हजार खुर्च्यांचा, युनियनचा. त्याचं भाडं २,८०० डॉलर, पण सोबत कामगारांच्या खर्चाचा अंदाज आलाय ६,४०० चा. दुसरा हॉल युनियनचा नाही, तिथे ताशी २५ डॉलरने माणसं मिळतात. पहिल्या हॉलने ताशी दर ४० सांगितलाय. तुम्ही गणित केलंत: सहा माणसं, दहा तास, चाळीस डॉलर, म्हणजे २,४००. मग वरचे चार हजार कोणाच्या खिशात जातात? आणि सेट लावायला मंडळाचीच पोरं उभी केली तर काय बिघडतं?

मी बावीस वर्षं इथल्या एका लोकलचा, म्हणजे रंगमंच कामगारांच्या युनियनच्या स्थानिक शाखेचा, सदस्य आहे. आधी सुतारकामात होतो, आता बहुतेक वेळा फ्लायवर, म्हणजे पडदे वर-खाली करणाऱ्या दोरांवर, असतो. त्याआधी मुंबईत सात वर्षं नाटकाच्या बसमधून हिंडलोय, म्हणून दोन्हीकडचे हिशेब हाताखालून गेलेत. ते चार हजार कोणी खात नाही. त्यातले बरेचसे तुम्हीच हॉलला पाठवलेल्या वेळापत्रकात लिहिलेले आहेत.

मुंबईत बॅकस्टेजवाल्याला 'नाईट' मिळते. प्रयोग संपला, सेट उतरवून टेम्पोत चढला, की मॅनेजर पाकीट हातावर ठेवतो. बस पहाटे निघाली, घाटात तीन तास अडकली, नाटक साडेतीन तास चाललं, नंतर पाहुण्यांचा सत्कार झाला, तरी नाईट तेवढीच. आता तिथेही रंगमंच कामगारांचा संघ आहे, निर्मात्यांशी बोलणी होतात, पण बोलणी होतात ती नाईटच्या रकमेवर. वेळ फुकट असते. आपल्याकडचे आयोजक याच हवेत वाढलेत आणि अमेरिकेत वीस वर्षं काढूनही कार्यक्रमाचं वेळापत्रक करताना ती हवा डोक्यातून जात नाही. इथे नेमकं उलट आहे. इथे माणूस तास विकतो, आणि कोणता तास, कितवा तास, जेवणाआधीचा की नंतरचा, यावर त्या तासाची किंमत ठरते.

युनियन म्हणजे इथे आयाट्सी. १८९३ साली न्यू यॉर्कमध्ये अकरा शहरांतले रंगमंच कामगार एकत्र आले आणि ही संघटना झाली. पुढे १८९८ मध्ये कॅनडातले लोक आले म्हणून ती आंतरराष्ट्रीय. आज तिचे दीड लाखाहून जास्त सदस्य आहेत, त्यात सिनेमा-टीव्हीवालेही आले. पण तुमचा संबंध या मोठ्या संघटनेशी नाही, तुमच्या शहरातल्या 'लोकल'शी आहे. प्रत्येक लोकलला नंबर असतो: न्यू यॉर्कची लोकल १, शिकागोची २, सॅन फ्रान्सिस्कोची १६. हॉल आणि लोकल यांच्यात करार होतो आणि दर, नियम, कमीत कमी किती माणसं लागतील हे सगळं त्या करारात असतं. म्हणून 'अमेरिकेत युनियनचा दर काय' या प्रश्नाला एक आकडा नाही. एकाच शहरात, एकाच लोकलचे, दोन हॉलमधले दर वेगळे असू शकतात.

इथे एक गैरसमज मी दर वर्षी ऐकतो: "आमचं टेक्सास राइट-टू-वर्क आहे, आमच्याकडे युनियन नसते." राइट-टू-वर्कचा अर्थ एवढाच की युनियनची वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराला नोकरीवरून काढता येत नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना ती मुभा दिली आणि आज २६ राज्यांत तसा कायदा आहे. हॉलने केलेला करार त्यामुळे रद्द होत नाही. ह्यूस्टनला लोकल ५१ आहे, डॅलसला १२७ आहे, आणि त्यांच्या हॉलमध्ये गेलात तर तेच नियम तुमच्यासमोर येतील. दुसरं म्हणजे, युनियनच्या कॉलवर, म्हणजे कामाच्या बोलावण्यावर, आलेला प्रत्येक जण सदस्य असतोच असं नाही. गर्दीच्या दिवसांत लोकल बाहेरची माणसंही पाठवते. करार त्या कामाला लागू असतो, त्यामुळे त्यांनाही कराराचाच दर मिळतो. मी स्वतः पहिली चार वर्षं असाच, कार्डाशिवाय, यादीच्या तळाशी राहून काम केलं. फोन शेवटचा यायचा, पण पैसे शेजारच्या सदस्याइतकेच.

आता आकडे. मी पाहिलेले सांगतो, साध्या हाताचे, म्हणजे ज्याच्याकडे विभागाची जबाबदारी नाही त्याचे. लहान शहरांतल्या लोकलमध्ये ताशी पंचवीस ते तीस डॉलर. मोठ्या शहरांत चाळीस ते साठ. विभागप्रमुखाला त्यावर काही डॉलर जास्त, आणि छताला साखळ्या बांधणाऱ्या रिगरला आणखी जास्त, कारण तो साठ फुटांवर लोखंडावर बसून काम करतो. बिगर-युनियन हॉलमध्ये, किंवा कामगार पुरवणाऱ्या कंपनीकडून, अठरा ते तीस. कॉलेजच्या हॉलमध्ये विद्यार्थी असतील तर राज्याच्या किमान वेतनाच्या आसपास. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ वरच अडकलंय, पण न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ते पंधराच्या वर आहे.

कार्नेगी हॉलचा किस्सा कोणीतरी तुम्हाला ऐकवेलच, म्हणून आधीच सांगतो. तिथल्या कायमच्या रंगमंच कामगारांची वर्षाची कमाई, भत्ते धरून, चार लाख डॉलरच्या वर गेल्याचं त्या संस्थेच्याच करविवरणातून बाहेर आलं आणि २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी संप करून हंगामाचा पहिलाच कार्यक्रम बंद पाडला तेव्हा ते खूप गाजलं. ते खरं आहे. पण ती पाच माणसं आहेत, जगातल्या सगळ्यात बिझी हॉलपैकी एकात, आणि ते आकडे ओव्हरटाइमने फुगलेले आहेत. त्यावरून तुमच्या शहरातल्या कामगाराचा अंदाज बांधणं म्हणजे वानखेडेवरच्या खेळाडूचा करार बघून शिवाजी पार्कवरच्या पोराला श्रीमंत म्हणण्यासारखं आहे. माझ्या ओळखीतले बहुतेक जण वर्षातून कित्येक आठवडे घरी बसलेले असतात. आम्ही कॉलवर जगतो. कॉल नाही, तर पगार नाही.

म्हणूनच दराच्या वर आणखी एक थर येतो, आणि तुमच्या गणितात तो सुटला. ४० डॉलर हा कामगाराच्या हातातला दर आहे. त्यावर आरोग्यविमा, पेन्शन, अॅन्युइटी (निवृत्तीसाठीचा आणखी एक निधी) यांचे टक्के करारात ठरलेले असतात. मालकाने भरायचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर ७.६५ टक्के. वर कामावरच्या अपघाताचा विमा. पगारपत्रक करणाऱ्या कंपनीचं कमिशन. हे सगळं मिळून तीसपासून चाळीस टक्क्यांपर्यंत सहज जातं. मी पुढे ३५ धरतो. हॉलला पहिला प्रश्न हाच विचारा: सांगितलेला दर हे सगळं धरून आहे की वगळून? निम्मी भांडणं या एका प्रश्नाने मिटतात.

मग नियम. करारागणिक तपशील बदलतात, पण हाडं तीच असतात. एकदा बोलावलं की कमीत कमी चार तासांचे पैसे, काम दीड तासात आटपलं तरी. आठ तासांनंतर दीडपट. मध्यरात्रीनंतर बहुतेक ठिकाणी दुप्पट. काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या कॉलपर्यंत ठराविक तासांची विश्रांती, नाहीतर वाढीव दर चालूच राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर पाच तासांच्या आत जेवणाची सुट्टी. ती चुकली की दंड सुरू, आणि सुट्टी मिळेपर्यंत तो थांबत नाही. कुठे तासाला एक जादा तास, कुठे थेट दुप्पट दर.

आता तुमचंच वेळापत्रक घेऊ. तुम्ही सकाळी आठला माणसं बोलावलीत. नाटक चारला जाहीर केलंय. आपलं आहे, म्हणजे चार चाळीसला पडदा उघडणार. मध्यंतरात समोसे, मंडळाच्या अध्यक्षांचं मनोगत, प्रायोजकांचे सत्कार. नाटक संपेल सात पन्नासला. मग कलाकारांबरोबर रंगमंचावर फोटो, साडेआठपर्यंत. मग सेट उतरवणं, साडेदहा. हॉलची मॅनेजर हे कागद बघून गालातल्या गालात हसली असेल आणि तिने हिशेब मांडला असेल.

एका माणसाचा बघा. आठ ते एक काम, एक ते दोन जेवण, दोन ते साडेदहा काम. एकूण साडेतेरा तास. पहिले आठ तास चाळीसने ३२०. पुढचे साडेपाच तास साठने ३३०. दुसरं जेवण संध्याकाळी सातला द्यायला हवं होतं, पण तेव्हा दुसरा अंक चालू. म्हणून सात ते साडेदहा, साडेतीन तास दंड, तासाला चाळीस, म्हणजे १४०. झाले ७९०. सहा माणसांचे ४,७४०. त्यावर ३५ टक्के. ६,३९९. हाच तुमचा आकडा. हॉलने एक डॉलर खोटा लावलेला नाही.

आता तोच हॉल, तीच सहा माणसं, तोच चाळीसचा दर. माणसं दहाला बोलवा. हॉलकडे आधीच टांगलेल्या दिव्यांचा कायमचा आराखडा असतो, तो मागवून मुंबईच्या प्रकाशयोजनाकाराला आधीच पाठवा. घरातला दिवाणखाना उजळायला त्याला नवीन वीस दिवे टांगायची गरज नसते. त्याला फक्त हे कोणी विचारलेलं नसतं. दहा ते दोनमध्ये सेट आणि दिवे. दोन ते तीन जेवण. चारला म्हणजे चारला पडदा. सत्कार आणि मनोगतं बाहेर लॉबीत, फोटोही तिथेच. सातला नाटक संपलं, आठला टेम्पो भरला. नऊ तास काम. आठ तासांचे ३२०, एक तास दीडपटीने ६०, एकूण ३८०. दंड शून्य, कारण तीन ते आठ पाच तासच होतात. सहा माणसांचे २,२८०, पस्तीस टक्के धरून ३,०७८.

दर तसाच ठेवून ३,३२१ डॉलर वाचले. याला मी घासाघीस म्हणत नाही. घड्याळ वाचणं म्हणतो.

त्या दंडाचं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, मराठी कार्यक्रम होता म्हणून मी मुद्दाम कॉल घेतला होता. दुसऱ्या अंकाआधी प्रमुख पाहुणे माईकसमोर आले. मी डाव्या विंगेत फ्लायच्या दोरांपाशी उभा. माझ्या शेजारी आमचा स्टुअर्ड, म्हणजे कॉलवर युनियनच्या वतीने तास लिहिणारा माणूस, हातात छोटी वही. त्याला मराठी शब्द कळत नव्हता. सात वाजून एक मिनिट झालं, त्याने घड्याळ बघितलं, वहीत एक रेघ ओढली आणि मला हळूच विचारलं, हे गृहस्थ कशाबद्दल बोलतायत? मी म्हणालो, काटकसरीबद्दल. खरंच ते मंडळाच्या सुरुवातीच्या दिवसांत डबे घरून कसे आणायचो ते सांगत होते. पंचवीस मिनिटं बोलले. त्या हॉलमध्ये दंड अर्ध्या तासाच्या पटीत मोजत, बारा माणसं कॉलवर होती. चेक लिहिताना खजिनदारांचा चेहरा मी पाहिला नाही, पण पुढच्या वर्षी सत्कार लॉबीत झाले.

आता दुसरा हॉल. तुमचं सकाळी आठ ते रात्री साडेदहाचं लांबलचक वेळापत्रक तिथे नेलं, तर साडेतेरा तास गुणिले पंचवीस, ३३७.५०. केंद्राच्या १९३८ च्या कायद्यात ओव्हरटाइम आठवड्याला चाळीस तासांनंतर लागतो, दिवसाला आठ नंतर नाही, त्यामुळे बहुतेक राज्यांत एका लांब दिवसाला दीडपट देणं सक्तीचं नाही. कॅलिफोर्नियात मात्र तसं नाही. तिथे कायद्यानेच आठ तासांनंतर दीडपट आणि बारानंतर दुप्पट, जेवणाची सुट्टी चुकली तर एक तासाचा जादा पगार, बिगर-युनियन हॉलमध्येही. बाकी राज्यांत करबिर पंधरा टक्के धरून सहा माणसांचे साधारण २,३३० होतात. म्हणजे सैल वेळापत्रकाचा बिगर-युनियन हॉल आणि घट्ट वेळापत्रकाचा युनियन हॉल यांच्यात फरक उरला साडेसातशे डॉलर. सैल वेळापत्रक सोडून तिथेही नऊ तासांत आटपलंत, तर साडेपंधराशेत भागेल, तेही प्रामाणिकपणे सांगतो. बिगर-युनियन स्वस्तच असतं. फक्त तुम्हाला वाटलं होतं तितकं ते स्वस्त नाही.

आणि त्या स्वस्ताईत काय येत नाही ते बघून घ्या. मी पाहिलेल्या अशा हॉलमध्ये बऱ्याचदा हॉल स्वतः एक किंवा दोनच माणसं देतो आणि बाकी 'तुमची तुम्ही आणा'. दिवे अर्धे जळलेले असतात, वायरलेस माईक दोनच चालू असतात, मग बाहेरून भाड्याने आणायचे. शाळेचं ऑडिटोरियम असेल, आणि आपल्या मंडळांची निम्मी नाटकं तिथेच होतात, तर तंत्रज्ञ स्वस्त असतो पण कस्टोडियनचा, म्हणजे इमारतीची साफसफाई-देखभाल बघणाऱ्याचा, शनिवारचा दर वेगळा असतो. गंमत म्हणजे कित्येक ठिकाणी झाडूवाला युनियनचा आणि लाइटवाला नाही! बिलात सगळ्यात मोठी ओळ कस्टोडियनची निघालेली मी दोनदा पाहिलीय.

माणसं कशी लावली जातात तेही विचारा. बिगर-युनियन जगात एक जुनी खोड आहे: कामगाराला पगारी नोकर न दाखवता स्वतंत्र कंत्राटदार दाखवायचं, रोजंदारी हातावर ठेवायची आणि वर्षअखेर १०९९ चा कागद, म्हणजे कंत्राटदाराच्या कमाईचा करासाठीचा फॉर्म, पाठवायचा. कर त्याचा त्याने भरायचा, विमा नाही, ओव्हरटाइम नाही. ज्याला किती वाजता ये, काय उचल, कुठे ठेव हे तुम्ही सांगता तो कंत्राटदार कसा? कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून याला कायद्याने चांगलाच चाप लावलाय, इतर राज्यंही दंड करतात. कामगार पुरवणाऱ्या कंपनीकडून अपघात विम्याचं प्रमाणपत्र मागा. देताना टाळाटाळ केली तर दुसरी कंपनी बघा. अशाच एका कंपनीकडे मी सुरुवातीला आठ महिने काम केलंय. ट्रसचा, म्हणजे दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्याचा, तुकडा पायावर पडून अंगठ्याचं हाड मोडलं तेव्हा कळलं की कागदोपत्री मी 'व्यावसायिक' होतो आणि माझा धंदा त्या दिवशी बंद होता.

आता आपली पोरं.

युनियन हॉलमध्ये रंगमंचावरचं काम करारात कामगारांचं असतं. मंडळाचा उत्साही कार्यकर्ता शिडी घेऊन दिवा वळवायला गेला, तर स्टुअर्ड त्याला सभ्यपणे खाली उतरवेल. याचा राग येऊ देऊ नका. पण सगळंच बंद नसतं. सामान लॉबीपर्यंत आणणं, मेकअप रूम, कपडेपट, कलाकारांची सरबराई, प्रॉम्प्टिंग, हे तुमचं. नाटकाचे क्यू, म्हणजे दिवे-संगीत बदलायचे इशारे, माहीत असलेला मुंबईचा प्रकाशवाला आणि संगीतवाला कन्सोलपाशी बसून सांगू शकतो, बटण इथला माणूस दाबतो. काही हॉल पाहुण्या ऑपरेटरला स्वतः दाबू देतात, शेजारी त्यांचा माणूस उभा ठेवून. हे करार होण्याआधी, लेखी विचारून घ्या; प्रयोगाच्या सकाळी विचारलं की उत्तर 'नाही' असतं.

आणि फ्लायला हात लावू नका, हॉल कोणाचाही असो. तुमचा मागचा पडदा ज्या बॅटनवर, म्हणजे वर टांगलेल्या आडव्या पाइपवर, बांधला जातो, त्या बॅटनच्या दुसऱ्या टोकाला भिंतीलगतच्या चौकटीत लोखंडी वजनं रचलेली असतात. पडदा जितका जड, तितकी वजनं. चढवताना आधी खाली पडदा बांधायचा, मग वर कठड्यावरून वजनं भरायची. उतरवताना उलट: आधी वजनं काढायची, मगच पडदा सोडायचा. हा क्रम चुकला तर एक बाजू एकदम हलकी होते.

एका बिगर-युनियन हॉलमध्ये गणेशोत्सवाचा कार्यक्रम होता. मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो, झब्बा घालून. कार्यक्रम संपल्यावर घरी जायच्या घाईत चार पोरं मागचा भरजरी पडदा सोडायला लागली. मी खालूनच ओरडलो तोवर तीन चतुर्थांश गाठी सुटल्या होत्या. बॅटन हातभर वर उसळला. दोराला लावलेल्या कुलपाने तो धरला, पण दोर त्यातून सरकताना येतो तो आवाज, कोरड्या लाकडावर करवत ओढल्यासारखा, आला. वर चौकटीत शंभरेक किलो लोखंड होतं आणि बरोबर त्या चौकटीखाली एक जण मोदकांचे डबे भरत होता. मी स्टेजवर धावलो, दोर पकडला, एकाला वर पाठवून एकेक वजन काढायला लावलं. वीस मिनिटं लागली. डबेवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही की सगळे त्याच्याकडे असे का बघतायत. त्या हॉलने त्या दिवशी एकच माणूस दिला होता आणि तो साउंडच्या टेबलावर होता. फ्लायवरच्या माणसाचे चाळीस डॉलर वाचले होते.

स्वयंसेवक कामगार विम्यात सहसा येत नाही, हे मंडळाच्या कमिटीने लक्षात ठेवावं. आणि ओळखीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला किंवा एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आश्रित म्हणून, असलेल्या वहिनींना 'शंभर डॉलर रोख घे आणि दिवसभर मदत कर' असं कृपा करून करू नका. कामाचा परवाना नसताना पैसे घेतले तर त्यांच्या व्हिसाची पंचाईत होते. मदत फुकट घ्या किंवा घेऊच नका.

व्हिसावरून आठवलं. मुंबईहून कलाकारांबरोबर येणारे तंत्रज्ञ पी-३ च्या (सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी येणाऱ्या कलाकारांच्या व्हिसाच्या) सहायक वर्गात आणत असाल, तर अर्जाला इथल्या कामगार संघटनेचं सल्लापत्र जोडावं लागतं, आणि रंगमंच तंत्रज्ञांसाठी ते पत्र आयाट्सीकडून येतं. त्याला फी आहे आणि वेळ लागतो. मुंबईच्या माणसांना आणलं म्हणून हॉलमधली इथली माणसं कमी होतील असंही नाही. तुमचे चार, त्यांचे सहा, असं होऊ शकतं. मुंबईचा नेपथ्यवाला आधी जरा खट्टू होतो, 'मला सेटला हात लावू देत नाहीत' म्हणून. मग त्याला मी सांगतो, आज तू साहेब, बोट दाखव. दहा मिनिटांत त्याला ते आवडायला लागतं.

आणखी एक छुपा खर्च म्हणजे चित्रीकरण. तुम्ही मंडळाच्या यूट्यूबसाठी तीन कॅमेरे लावणार आहात असं लिहिलंय. बऱ्याच करारांत प्रयोगाचं रेकॉर्डिंग किंवा थेट प्रक्षेपण असेल तर प्रत्येक कामगाराला जादा रक्कम असते. संग्रहासाठीचं एका कॅमेऱ्याचं चित्रीकरण अनेकदा सुटतं, पण तेही आधी कळवलं तरच. शिवाय मुंबईच्या निर्मात्याची परवानगी आहे ना? ती नसेल तर हा खर्च आपोआपच मिटला.

माझं मत विचारलंत म्हणून: तुमच्या नाटकाला दरवाजा असलेला बंदिस्त सेट आहे, दोन प्रवेशांत मागचा पडदा बदलतो आणि सहा माणसांना माईक लागणार आहेत. मी पहिला हॉल घेईन, नऊ तासांच्या वेळापत्रकावर. एकपात्री असतं, किंवा खुर्च्या-टेबलावरचं अभिवाचन असतं, तर डोळे मिटून शाळेच्या ऑडिटोरियममध्ये जा म्हटलं असतं. तिथे सहा माणसांची गरजच नाही. पण आधी पहिल्या हॉलकडे नवीन वेळापत्रक पाठवा आणि अंदाज पुन्हा मागवा. सेट लागल्यावर सहाच्या सहा माणसं प्रयोगाला ठेवावी लागतात की चार चालतात, तेही विचारा. दर कमी करा असं म्हणू नका. तो त्या मॅनेजरच्या हातात नाही आणि तुमचं बाकीचं म्हणणंही ती मग कमी लक्ष देऊन ऐकेल.

शेवटचा प्रश्न तुम्ही कंसात विचारला होता, टिप द्यावी का. नाही, पैशाची टिप देत नाहीत. जेवण द्या. अनेक करारांत तुम्ही गरम जेवण जागेवर दिलंत तर तासाभराच्या बिनपगारी सुट्टीऐवजी अर्ध्या तासाची पगारी सुट्टी चालते, आणि मग दुपारी माणसं अडीचलाच पुन्हा स्टेजवर येतात. दुपारच्या फोकसिंगला, म्हणजे दिवे नेमक्या जागी वळवायला, तो अर्धा तास सोन्यासारखा असतो. बटाटेवडे चालतील, आमच्या लोकांना फार आवडतात. फक्त वड्याबरोबरच्या तळलेल्या मिरच्या वेगळ्या ताटात ठेवा आणि वर ठळक अक्षरांत पाटी लावा. आमच्या एका इलेक्ट्रिशियनने ती शेंग समजून अख्खी खाल्ली होती आणि पहिल्या अंकाचा पहिला क्यू चुकला होता.